तुला नाय!

आमच्या इमारतीतली झाडून सगळी पोरं ज्यांच्यापाशी बसून जेवायला शिकली, त्या आक्कांनी उभ्या आयुष्यात एकाही पोराला ‘खा’ म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, ‘तुला नाय!’ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं, मांडीवर वाटी घ्यायची आणि समोर उभ्या असलेल्या दीडवितीच्या पोराकडे पाठ करून स्वतःच मिटक्या मारत खायचं, ही त्यांची पोरं भरवायची रीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आहे की कोण! लहान मुलासमोर एकटी खाते आणि वर त्याला खिजवते.

आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. पनवेलच्या गावठाणात त्यांच्या मुलाने बांधलेली तीन मजली इमारत, तळमजल्यावर त्या आणि मुलगा-सून, वर आम्ही भाडेकरू. माहेर-सासर दोन्हीकडे मिठागरं होती. मिठागरं गेली, शेतं गेली, पण आक्कांचा आवाज उघड्या रानातलाच राहिला. चार भिंतींत त्यांना हळू बोलता येत नसे. अंगाने भरदार, गळ्यात ठसठशीत सोनं, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. त्या जिन्यात बसल्या की वर जाणाऱ्याला ‘आक्का, जरा’ म्हणावं लागे. मग त्या एक गुडघा बाजूला करत आणि तेवढ्या फटीतून आपण निसटायचं. जिना त्यांच्या मालकीचा होता आणि जिन्याची रुंदीसुद्धा.

आमची त्यांच्याशी खरी ओळख झाली ती समृद्धीमुळे. समृद्धी आमची मुलगी. नाव तिच्या आजोबांनी हौसेने ठेवलं होतं, पण दीड वर्षाची झाली तरी समृद्धीचं एकही लक्षण अंगावर दिसेना. मनगटं करंगळीएवढी, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मुग्धाची, म्हणजे माझ्या बायकोची, शाळा सकाळची आणि माझी न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांची नोकरी दुपारच्या पाळीची. त्यामुळे सकाळी भरवायचं खातं माझ्याकडे. नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. दोष कुठेच नव्हता. त्यांचं सांगणं सोपं होतं, ‘हिचं पोट एवढंसं आहे. ती जास्त खाणार नाही, म्हणून जे खाईल ते भारी हवं. प्रत्येक घासात तूप, दाण्याचं कूट, अंडं, असं काहीतरी जाऊ दे. पुढच्या वेळी काटा हलला नाही, तर मात्र मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवू.’ ते शेवटचं वाक्य आम्हा दोघांच्या डोक्यातून जाईना. मुग्धा रात्री झोपलेल्या पोरीच्या बरगड्यांवरून हात फिरवत बसायची.

मी कामाला लागलो. गुरगुट्या भात, त्यात मुगाची डाळ, वर तूप. नाचणीचं सत्त्व, त्यात केळं. बटाटा लोण्यात कुस्करून, अंड्याचा बलक पेजेत कालवून, खजूर आणि बदामाची पूड नारळाच्या दुधात. रांधायचो उत्तम. प्रश्न तो पोरीच्या तोंडात जाण्याचा होता. मी वाटी घेऊन मागे, ती पुढे. टीव्ही लावून झाला, मोबाइल दाखवून झाला, चमच्याचं विमान करून झालं. विमान यायचं, तोंड मिटायचं. शेवटी ती उघड्या दारातून जिन्यात पळाली आणि तिच्यामागे मी, हातात वाटी, खांद्यावर भात.

खाली आक्का बसल्या होत्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

‘अरं, पोरीच्या मागं पलतोस कशाला? तिला वाटतं खेल चाललाय. तू दमशील, ती नाय दमाची.’

‘आक्का, खातच नाही हो काही.’

‘भूक म्हंजी मांजर हाय, बाबा. मागं धावलास तर पलतंय. गप बसलास तर आपसुक मांडीवर येतंय. तू बस तिकडं.’

मी बसलो. आक्कांच्या वाटीत राजेळी केळ्याचे काप होते, तुपात लालसर परतलेले, वर ओलं खोबरं आणि गूळ. त्यांनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘वा! काय झालाय!’ समृद्धी थबकली. एक पायरी खाली आली. आक्कांनी वाटी पदराखाली घेतली. ‘तुला नाय. ह्या माजा हाय.’ पोर आणखी एक पायरी खाली. आक्कांनी पाठ फिरवली. मला ते बघवेना. म्हटलं, ‘आक्का, बघतेय हो ती, द्या ना एक घास.’ त्या माझ्यावर अशा डाफरल्या की मी पुन्हा बसलो. ‘मागंल तवा देईन!’

समृद्धीने पदर ओढला. तिला शब्द येत नव्हते, तिने नुसता हात पुढे केला, तळवा वर करून. मग कुठे आक्कांनी, जणू गळ्यातला दागिना काढून देत आहेत अशा जिवावर आलेल्या चेहऱ्याने, नखाएवढा तुकडा त्या तळव्यावर ठेवला. पोरीने तो गिळला आणि पुन्हा हात पुढे केला. त्यासरशी आक्कांनी मान वर करून अख्ख्या इमारतीला ओरडून सांगितलं, ‘मागितला! पोरीनं मागितला!’ वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी खांद्यावरचा भात पुसताना पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने काही मागितलं नाही. आक्कांनी सगळी वाटी एकट्याने संपवली आणि उठल्या. मी कासावीस. ‘आता हो?’ तर म्हणाल्या, ‘आता काय? उद्या हाय की.’ हे ‘उद्या हाय की’ मला कधी जमलं नाही. मला प्रत्येक घास म्हणजे परीक्षेचा पेपर वाटायचा आणि ते पोरीला माझ्या तोंडावरून कळत असणार.

मग आमची वाटणी ठरून गेली. डॉक्टरीणबाई सांगतील ते मी रांधायचं आणि ते आक्कांनी समृद्धीसमोर खायचं. अकराच्या सुमारास मी वाटी घेऊन खाली जायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या तांबोळींची जुळीही येऊन बसत, मग एक छोटी पंगतच व्हायची, फक्त तिच्यात वाढपी जेवायचा आणि पाहुणे ताटकळायचे. आक्का माझा स्वयंपाक आधी चाखून बघत आणि त्याची लक्तरं काढत. ‘ह्यात मीठ घातलास का? अलनी मी नाय खायची. मला काय नाटक कराचा हाय?’ मिठागरातली बाई ती, मिठाच्या बाबतीत त्यांच्यापुढे काही चालत नसे. मी म्हणायचो, ‘आक्का, तुम्ही नुसतं खाल्ल्यासारखं करा ना.’ तर म्हणत, ‘पोरांना कलता. खोटा खाल्ला की पोरगा उठून जातो.’

आमच्या घरात मासा चालत नाही हे मी त्यांना सांगितलं, तो प्रसंग मला अजून आठवतो. त्या जिताड्याचा बिनकाट्याचा तुकडा भातात कुस्करून समृद्धीसाठी घेऊन आल्या होत्या. मी चाचरत सांगितलं. आक्का पायरीवर बसल्याच. अशी बातमी माणसाने उभ्याने ऐकू नये, असा त्यांचा चेहरा झाला. ‘जिताडा पन नाय?’ ‘नाही.’ ‘कंदीच नाय?’ मग त्यांनी सुनेला हाक मारून एक नवी वाटी मागवली आणि सांगितलं, ‘ही पोरीची येगली. हिला मासलीचा हात लावाचा नाय.’ ती वाटी त्यांच्या घरात कायम वेगळ्या फळीवर राहिली. पुढे कितीदा तरी म्हणाल्या, ‘तुमची पोर जगली ती माज्या जिद्दीवर. जिताडा नाय खात म्हंजी काय!’

चुका त्यांच्याही व्हायच्या. दुधावर त्यांची अपार श्रद्धा. चिरनेरजवळच्या त्यांच्या भावाकडून म्हशीचं दूध यायचं आणि त्यातलं एक मोठं भांडं रोज आमच्याकडे. आम्हीही आनंदाने पोरीला पाजत होतो. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. दूध निम्म्यावर आणा म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं तर आक्कांचा पारा चढला. ‘दूद कमी कर? कोन ती? तिला माज्यासमोर आन.’ तिला आणणं शक्य नव्हतं, म्हणून आक्काच माझ्याबरोबर गेल्या. रिक्षात अर्धी जागा राग आणि अर्धी त्या. दवाखान्यात शिरताच म्हणाल्या, ‘मी चार पोरा दुदावर वाडीवल्या.’ डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, ‘आक्का, मुलांना आधी दूध द्यायचात की आधी जेवण?’ आक्का विचार करून म्हणाल्या, ‘आदी जेवन. दूद ऱ्हायला तर.’ ‘मग तेच तर मी सांगतेय.’

परतताना त्या रिक्षात एकदम म्हणाल्या, ‘पोट म्हंजी टोप हाय. आदीच काठोकाठ पानी भरला तर तांदूल कुठं घालशील? बाई शानी हाय.’ आणि थोड्या वेळाने, ‘जरा बारीक हाय. तीच जेवत नसंल.’

एवढं म्हणून त्यांनी लगेच जीभ चावली. कारण ‘बारीक’ हा शब्द आमच्या इमारतीत बंद होता आणि तो बंद करणाऱ्या आक्काच होत्या. लहानपणी त्या स्वतः काडीपैलवान. गावभर त्यांना ‘सुकट’ म्हणत. ‘म्हनून म्हनून मी सुकटच ऱ्हायली, लगीन होईपरत,’ असं त्या सांगायच्या. बोललेलं अंगाला लागतं, यावर त्यांचा पक्का विश्वास. त्यामुळे जिन्यात कुणी पाहुणी ‘अगंबाई, किती बारीक आहे ही!’ म्हणाली की आक्का तिला तिथेच थांबवत. पाहुणी गेली की मीठ-मोहरी उतरवून टाकत. वजनाचा आकडा तर उच्चारायचाच नाही. ‘पोर म्हंजी मीठ हाय का, काट्यावर टाकून भाव सांगायला?’ वाढो वा घटो, अंगाबद्दल बोलायचं नाही हा नियम लहान-थोर सगळ्यांना लागू होता आणि सगळे तो पाळत. मुग्धासुद्धा, जी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे पुढची खेप आली तेव्हा काटा हलला. चांगला हलला. मुंबईचं नाव निघालं नाही. मी पेढे घ्यायच्या विचारात घरी आलो, तर आक्का जिन्यातच वाट बघत होत्या. ‘आकडा सांगू नको. वाडला का, एवडाच सांग.’ मी मान डोलावली. त्यांनी समृद्धीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि पेढ्याचं नाव काढू नको म्हणून दम दिला. मुग्धा मात्र त्यांच्या पाया पडली. आक्का म्हणाल्या, ‘उठ गं. मी काय केला? मी तर नुसती खाल्ली.’

नुसती खाल्ली. त्या बोलण्याचा अर्थ आम्हाला दोन वर्षांनी कळला.

समृद्धी तोवर बालवाडीत जायला लागली होती. हाताने जेवायची, मागून घ्यायची, बांगड्या मनगटात बसत होत्या. पायरीवर आता दुसऱ्यांची पोरं होती. खजुराचे लाडू, तुपातली केळी, गुळाची नाचणी, सगळं चालूच होतं. त्या काळात आक्कांचं काहीतरी बदललं. लुगडं सैल दिसायला लागलं. सोनं गळ्यावर रुळायचं ते हाडांवर वाजायला लागलं. त्या बसल्या असल्या तरी जिन्यातून सरळ वर जाता यायला लागलं, ‘आक्का, जरा’ म्हणावं लागेना. शेजारी पाण्याची मोठी बाटली असायची. मी ते पाहत होतो. मुग्धा पाहत होती. तांबोळीभाभी पाहत होत्या. पण बोलायचं कसं? ‘आक्का, तुम्ही बारीक झालात’ हे म्हणायची त्या इमारतीत कुणाची टाप नव्हती. दृष्ट लागेल, बोललेलं अंगाला लागेल, या त्यांच्याच धाकाने आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं त्यांच्यासमोर गप्प बसलो.

एके सकाळी त्या पायरीवरून उठायला गेल्या आणि उठताच आलं नाही. हॉस्पिटलात साखर मोजली तेव्हा डॉक्टरांनी सुनेलाच फैलावर घेतलं. सून बिचारी रडकुंडीला आली. आक्कांना मधुमेह होता, कित्येक वर्षांचा. घरात कडक पथ्य, चहासुद्धा बिनसाखरेचा. सून म्हणाली, ‘घरात गोडाचा कन नाय खात हो त्या. मग ही साखर आली कुठनं?’ मी आणि मुग्धा एकमेकांकडे बघत राहिलो. घरात पथ्य आणि जिन्यात पंगत. आतल्यांना वाटे, आक्का पोरांना नुसतं भरवतात; बाहेरच्यांना पथ्याचा पत्ता नव्हता. आमच्या पोरीच्या अंगावर जे चढलं होतं, त्यातला घास घास आधी आक्कांच्या जिवावरून गेला होता.

मी त्यांच्या खाटेशी बसून विचारलं, ‘आक्का, अहो निदान खाल्ल्यासारखं करायचं होतंत!’ त्या क्षीण हसल्या. ‘तुला आदीच सांगितला ना. पोरांना कलता.’

साखर आटोक्यात आली, आक्का घरी आल्या, पण भूक गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात ताकद राहिलेली नाही, गोड सोडून पौष्टिक खायला घाला, थोडं थोडं पण भारी. तूप, अंडं, दाणे. तेच सगळं, फक्त गूळ-खजूर वगळून. सून वाटी घेऊन मागे, मुलगा मागे, लेकी माहेरी आल्या त्या मागे. ‘आई, दोन घास खा.’ ‘आक्का, एवढं तरी.’ आक्का तोंड फिरवत आणि ओठ मिटून घेत. जितकं जास्त म्हणावं तितके ओठ घट्ट. एका मोठ्या कुटुंबाची माझ्यासारखी गत झाली होती.

आता आक्का नाहीत. गेल्या वर्षी, आम्ही कळंबोलीला स्वतःच्या जागेत राहायला गेल्यावर, त्या गेल्या. दुपारी जेवून लवंडल्या त्या उठल्या नाहीत. जेवून, हे सुनेने मला फोनवर मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण तिला ठाऊक होतं की मी ते आधी विचारणार. नव्या इमारतीच्या जिन्यात कुणी बसत नाही, सगळे लिफ्टने जातात. कुणाच्या घरातून ‘खा गं बाई, खा’ असा रडवेला आवाज आला की माझे पाय थांबतात. एकदोनदा तर मी बेल वाजवून ‘मागे धावू नका, तिच्यासमोर तुम्हीच खा’ असं सांगूनही आलोय. लोक विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

पण आक्का म्हटलं की मला आठवते ती त्या आजारपणातली एक संध्याकाळ. मला सुट्टी होती. हवा लागावी म्हणून सुनेने त्यांना तिसऱ्या पायरीवर आणून बसवलं होतं, पाठीला उशी देऊन. पायरी केवढी मोठी दिसत होती. सून वाटी पुढे करत होती आणि आक्का मान हलवत होत्या. समृद्धी माझ्या शेजारी उभी राहून हे बघत होती. तिने काही न बोलता सुनेच्या हातातली वाटी घेतली. मऊ भात होता, वर तूप आणि दाण्याचं कूट. ती आक्कांच्या पायाशी, खालच्या पायरीवर बसली. मला वाटलं आता भरवणार. तिने स्वतःच्याच तोंडात घास घातला, डोळे मिटले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘वा! काय झालाय!’

आक्कांनी मान वळवली.

समृद्धीने वाटी फ्रॉकच्या घोळात लपवली. ‘तुला नाय. ह्या माजा हाय.’

सून तिला ओरडायला पुढे झाली, मी तिला अडवलं. समृद्धीने पाठ फिरवली आणि दुसरा घास घेतला, मिटक्या मारत, अजिबात नाटक न करता. भात तिला खरंच आवडत होता. मग आक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचा तो वाळलेला हात हळूहळू पुढे आला आणि त्यांनी तळवा वर केला.

समृद्धीने नखाएवढा घास त्यावर ठेवला. आक्कांनी तो खाल्ला. हात पुन्हा पुढे झाला. आणि माझी ती एवढीशी लेक वाटी त्यांच्या मांडीवर ठेवून ताडकन उठली, जिन्याच्या पोकळीत मान वर करून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल असं ओरडली, ‘मागितला! आक्कानं मागितला!’